टाकीभोवती मोकळं करा

मावशीला आणि काटेकाकांना एकमेकांशी बोलायचं असलं की मध्ये मी लागायचे. एकच टेबल, या टोकाला ती, त्या टोकाला ते, मध्ये पाण्याची बाटली आणि मी. मावशी मला म्हणणार, "त्यांना सांग, कालचे आकडे अजून आले नाहीत." काका मान वर न करता म्हणणार, "तुझ्या मावशीला सांग, आकड्यांना पाय नसतात, येऊन न्यावे लागतात." दोघांनाही दोघांचं लख्ख ऐकू येतंय. मी आपली बाटलीकडे बघून म्हणायचे, "ऐकलंस ना गं? तुला पाय नाहीत."

"तोंड आवर," मावशी म्हणायची.

"कोणाला सांगू, त्यांना की मला?"

मी तिथं कशी आले ते दोन वाक्यांत सांगते, कारण त्यात काही मजा नाही. विज्ञानाच्या सरांशी माझं वाजलं, मी दप्तर वर्गातच ठेवून घरी आले आणि परत आणायला गेले नाही. आई म्हणाली, घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा मावशीच्या कामावर जा आणि तिचं खा.

मावशीचं काम म्हणजे शेतकी कॉलेजात झाडांचा घाम मोजणं. खरंच. झाड मुळाने पाणी पितं आणि त्यातलं जवळजवळ सगळं पानातून हवेत सोडून देतं. त्याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. हा शब्द जोरात म्हटला की समोरच्याच्या तोंडावर निम्मं उत्सर्जन होतं, म्हणून आमच्याकडे सगळे घामच म्हणायचे. मावशी तो घाम गणितानं काढायची. ऊन किती, हवा किती गरम, किती दमट, वारा किती, पीक केवढं झालंय, हे सगळं संगणकात घालायचं आणि संगणक सांगणार की आज काचघरातल्या ढोबळी मिरचीनं इतकं पाणी उडवलं. झाडाला हात न लावता. मावशी खोलीत, मिरची काचघरात.

काटेकाका उलटे. त्यांचा गणितावर विश्वास नाही, काट्यावर आहे, म्हणून तर ते काटेकाका. काचघराच्या मधोमध जमिनीत एक मोठी टाकी पुरलेली. तिच्यात माती, मातीत मिरचीची झाडं, आणि टाकीच्या बुडाखाली वजनकाटा. झाडांनी पाणी उडवलं की टाकी तेवढी हलकी होणार. वरून बघितलं तर कळतही नाही की इथं टाकी आहे, नुसती मिरचीची रांग दिसते. म्हणजे मावशी हिशोबानं सांगणार आणि काका तोलून सांगणार, आणि दोघांचं जुळायला पाहिजे. वर्षभर जुळतही होतं. गणित आणि टाकी गळ्यात गळे घालून हिंडत होती. माणसांचंच फाटलं होतं.

तेही कशावरून? एका मीटिंगमध्ये मावशी टाकीला "ते भांडं" म्हणाली. काका म्हणाले, भांडं असेल, पण निदान त्यात पाणी खरं आहे, तुमचं म्हणजे पत्रिका बघून पाऊस सांगणं. झालं. भांड्यावरून भांडण. त्या दिवसापासून मावशीनं काचघरात पाऊल टाकलं नव्हतं आणि काकांनी तिचं नाव घेतलं नव्हतं. एरवी वाईट नव्हते दोघंही. मावशी मला पोटभर रागवायची आणि पोटभर खाऊ घालायची. काकांनी माझं नाव ठिणगी ठेवलं, आणि मी चिडले की म्हणायचे, "बाजूला व्हा, कोरडं गवत आहे इथं."

तर या गोष्टीत काय पणाला लागलं होतं ते सांगते. बाहेर भाजीवाल्या शेतकऱ्यांचा एक मोठा गट होता. पुष्कळ काचघरं त्यांची. ते पाणी अंदाजानं सोडायचे आणि अंदाज नेहमी जास्तीकडेच झुकायचा. जास्त पाण्यानं मुळं कुजायची, वर पाणीही वाया. त्यांच्या डोक्यात आलं, मावशीचं गणित आपल्या नळांना जोडलं तर? गणित सांगेल तेवढाच नळ उघडेल. पण आधी येऊन बघणार, गणित आणि टाकी जुळतात का. शंभरात पाच इकडे तिकडे चालेल, त्याहून जास्त नाही. जुळलं तर मावशीचं गणित चालू. नाही जुळलं तर हे काम बंद आणि मावशीची बदली मोठ्या कचेरीत, दुसऱ्यांचे अहवाल तपासायला. मावशीला तसल्या खुर्चीत बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. मांजर मरत नाही, पण बघवत नाही.

गटवाले येणार असा निरोप आला तेव्हा मावशी आधी दोनदा चष्मा पुसून बसली, मग मला म्हणाली, "त्यांना सांग, पाहुणे येतायत. टाकीभोवती जरा मोकळं करून ठेवा."

मी काचघरात गेले. काका एका नळीत फुंकर मारत होते.

"मावशी म्हणते, टाकीभोवती मोकळं करा. पाहुणे येतायत."

काकांनी नळी खाली ठेवली. "मोकळं? म्हणजे किती मोकळं?"

"मला काय माहीत? पाहुण्यांना टाकी दिसली पाहिजे, एवढं बघा."

"असं ती म्हणाली?"

"मोकळं करा म्हणाली. शब्दाला शब्द."

काकांनी टाकीभोवती एक नजर फिरवली. मग "बरं" म्हणाले. त्यांचं ते बरं मला जरा विचित्र वाटलं, पण मला ॲप्रन धुवायचे होते, मी गेले. संध्याकाळपर्यंत त्यांनी काम उरकलं होतं. टाकी अशी उठून दिसत होती की जणू स्टेजवर उभी आहे.

दुसऱ्या दिवशी आकडे आले आणि मावशीनं ते बघून नुसतं "हं" केलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी "हं" केलं नाही, खुर्ची मागे सरकवली.

"त्यांना सांग, टाकी माझ्यापेक्षा शंभरात अठरा जास्त दाखवतेय. काटा बिघडलाय."

काका टेबलाच्या त्या टोकाला कुलपाला तेल घालत होते. "तुझ्या मावशीला सांग, काटा वजनं ठेवून तपासलाय. काटा ठीक आहे. गणित शंभरात अठरा कमी दाखवतंय."

"त्यांना सांग, वर्षभर गणित बरोबर होतं, आता एकदम कसं चुकेल?"

"तिला सांग, वर्षभर काटाही बरोबर होता."

"त्यांना सांग, यंत्रं म्हातारी होतात."

"तिला सांग, माणसंही."

मी बाटली उचलली, झाकण काढलं, सगळी पिऊन टाकली आणि रिकामी बाटली टेबलावर आपटली. "आता मध्ये कोणी नाही. बोला एकमेकांशी."

मावशी पडद्याकडे बघत राहिली, काका कुलपाकडे. ते कुलूप इतकं तेलकट झालं होतं की किल्ली न लावता उघडलं असतं.

माझं डोकं फिरलं की मला आधी कानात कळतं, गरम होतात. मी मावशीला म्हटलं, "तू चुकलीयस. काका रोज ती जड वजनं टाकीवर चढवून उतरवून बघतात. तू इथं बसून नुसती बटणं दाबतेस. तुझंच चुकलंय." मग काकांकडे वळले. "आणि तुम्ही काय हसताय? तिनं ते गणित किती वर्षं घासलंय. ती उगाच चुकेल? तुमचंच चुकलंय. तुमचा काटा म्हातारा झालाय आणि तुम्हाला तो तरुण वाटतोय." एवढं बोलून मी बाहेर गेले आणि काचघराच्या मागे दगडांना लाथा मारत बसले. दगड काही बोलत नाहीत, ते बरं असतं.

मला वाटलं होतं दोघं माझ्यावर चिडतील. पण त्या दिवशी दोघंही एकदम शहाण्यासारखी वागली. मावशी काहीतरी टकटक करत बसली. काका पेचकस घेऊन काट्याच्या डब्यापाशी गेले. मला कोणी "तोंड आवर"सुद्धा म्हटलं नाही. मला तर भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशीचा आकडा आला आणि मावशी उभी राहिली. उभी राहून परत बसली.

"त्यांना सांग," ती म्हणाली, आणि थांबली. "त्यांना सांग, आता टाकी कमी दाखवतेय."

काका टेबलाजवळ आले. मान वर केली, म्हणजे केवढी गोष्ट. "कमी? कमी कशी?"

"किती कमी?" मी विचारलं.

"अठरा," मावशी म्हणाली.

मला एक सवय आहे. सरांना ती आवडायची नाही, फळ्यावरची चूक त्यांनी पुसायच्या आत मी बोट दाखवायचे. कोणी सारखा एकच आकडा बोलायला लागला की माझे कान टवकारतात. काल टाकी अठरा वर. आज टाकी अठरा खाली. तेरा नाही, चोवीस नाही, तोच अठरा, फक्त शीर्षासन करून.

"काल तू काय टकटकत होतीस?" मी मावशीला विचारलं.

"काही नाही."

"काका, काल पेचकस कशाला घेतला होतात?"

"डब्याची धूळ काढत होतो."

"पेचकसानं धूळ?"

काका लाल झाले. त्यांचं टक्कल आधी लाल होतं, मग चेहरा. मावशीकडे बघितलं तर ती चष्मा पुसत होती, काच फुटेपर्यंत.

"सांगा की," मी म्हटलं. "नाहीतर मीच सांगते. मावशी, तू गणित अठरानं वर नेलंस. काका, तुम्ही काटा अठरानं खाली आणलात."

मावशीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. मग मावशी माझ्याकडे बघत, पण माझ्याशी न बोलता म्हणाली, "रोज वजनं ठेवून तपासतात म्हणाली ही. मग मला वाटलं, काटा बरोबरच असणार. पिकाचाच आकडा मी कमी धरला असेल. म्हणून वाढवला."

काका म्हणाले, "मला वाटलं, एवढी वर्षं घासलेलं गणित. बाई उगाच बोलणार नाहीत. काट्यातलंच काहीतरी झिजलं असेल. म्हणून डब्यातला आकडा उतरवला. आणि काल पहिल्यांदा वजनं ठेवून बघितली नाहीत. हिंमत झाली नाही."

"म्हणजे तुम्हाला गणित बरोबर वाटलं?" मावशीनं विचारलं. सरळ. त्यांनाच.

"म्हणजे तुम्हाला काटा बरोबर वाटला?" काकांनी विचारलं.

"भांडं," मावशी म्हणाली. "भांडं बरोबर वाटलं."

काका टेबलाचा कोपरा धरून हसायला लागले. "अठरा मी, अठरा तुम्ही. झाले छत्तीस. उगाच नाही आपला छत्तीसचा आकडा."

मावशी हसली नाही, कारण तिला तेव्हाच पाहुणे आठवले. गटवाले परवावर आले होते. दोघांनी आपापले आकडे मागे फिरवले तर परत आधीचाच घोळ, टाकी अठरा वर. आणि चूक कुठं आहे ते कोणालाच माहीत नाही. घरात चोर शिरला म्हणून दोघांनी आपणच चोर समजून स्वतःला कोंडून घेतलं आणि खरा चोर मजेत झोपलाय, तसं झालं.

"मला टाकी बघायची आहे," मावशी म्हणाली.

काकांनी काचघराचं दार उघडून धरलं. मावशी आत शिरली, दोन पावलं गेली आणि थबकली.

"माझी झाडं कुठं गेली?"

टाकीतली झाडं होती तिथंच होती. पण टाकीच्या चारही बाजूंनी, दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाही एवढी जागा साफ होती. कापलेल्या बुंध्यांचे छोटे छोटे खुंट. बाकी काचघरभर मिरचीचं रान, आणि मध्ये ही टाकी टक्कल पडलेल्या डोक्यावरच्या शेवटच्या बटेसारखी. काकांसमोर ही उपमा मी तेव्हा बोलले नाही.

"तुम्हीच सांगितलंत," काका म्हणाले. "मोकळं करा."

"मी बादल्या म्हटलं होतं," मावशी म्हणाली. "बादल्या, नळ्या, ती मोडकी खुर्ची, तुमची ती चहाची किटली. तो पसारा मोकळा करा. झाडं नव्हे. झाडं कापायला मी सांगेन?"

मी बघितलं. मोडकी खुर्ची होती. किटलीही होती, काट्याच्या डब्यावर, आरामात.

"मला खटकलंच होतं," काका म्हणाले. "पण म्हटलं, पिकातलं बाईंना कळतं. त्यांनी सांगितलं म्हणजे गणितात धरलं असणार. पहिल्यांदा तुमचं काही ऐकलं मी."

मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" माझे कान गरम. "मी शब्दाला शब्द सांगितलं. मोकळं म्हणालीस, मोकळं सांगितलं. निरोप्या पत्र फोडून अर्थ लावत बसतो का? तुम्ही दोघं दहा पावलं चालून एकमेकांना विचारलं असतंत, किती मोकळं, कसलं मोकळं, तर ही मिरची जिवंत असती."

एवढं बोलल्यावर मला एकदम बरं वाटलं. पण एक गोष्ट मला कळत नव्हती. "टाकीतली झाडं तर जशीच्या तशी आहेत. शेजारी कापले म्हणून यांना घाम जास्त का यावा? दुःखानं?"

मावशी म्हणाली, "चल."

तिनं मला मागच्या दाराबाहेर नेलं. तिथं दोरीवर मी सकाळीच धुतलेले ॲप्रन होते. मी काम लवकर उरकावं म्हणून एकाला एक चिकटवून घातले होते, दोरीवर मुंग्यांची रांग लागावी तसे.

"कडेच्याला हात लाव."

लावला. कडकडीत वाळलेला, पापडासारखा.

"मधल्याला."

मधला ओला. नुसता दमट नाही, पिळता आला असता.

"मधल्याला दोन्हीकडून शेजारी आहेत. वारा पोचत नाही, ऊन फक्त वरून, आणि शेजाऱ्याचीच दमट हवा अंगाला. कडेचा एकटा. एका बाजूनं पूर्ण उघडा. तुझी टाकी आता कडेचा ॲप्रन झालीय. पंख्याचा वारा सरळ अंगावर, ऊन बाजूनंही. घाम जास्त येणारच. माझं गणित मधल्या ॲप्रनचं आहे. म्हणजे काटाही बरोबर आणि गणितही बरोबर." ती दोरीला धरून उभी राहिली. "आम्ही हे पोरांना शिकवतो. याला कपड्याच्या दोरीचंच नाव आहे. आणि मी आत जाऊन बघितलं नाही."

तिचा आवाज जरा खाली गेला म्हणून मी म्हटलं, "जाऊ दे. आता काय करायचं ते बोल."

कापलेली मिरची एका रात्रीत उगवत नाही. पण रोपवाटिकेत त्याच वयाची ढोबळी मिरची होती, कुंड्यांत लावलेली. काकांनी हातगाडी काढली. मी ढकलायला, मावशी कुंड्या उतरवायला, काका लावायला. एक रिंगण, मग त्याच्या आत दुसरं, टाकीच्या कडेपर्यंत.

"जरा डावीकडे."

"माझ्या की तुमच्या?"

"तुमच्या. अजून. बस. नाही, मागे घ्या, पान टाकीला टेकतंय, वजन येईल."

"एका पानाचं वजन?"

"एका पानाचंही. काटा आहे तो, भांडं नाही."

"बरं, काटा."

दोघं एकमेकांशी बोलतायत हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. मी गाडी ढकलत गप्प बसले. उचकी लागलेल्या माणसाला उचकी थांबली का विचारलं की परत लागते, तसलं काही नको होतं. काकांनी मग काट्याचा डबा पूर्ववत केला आणि वजनं ठेवून दाखवली, मावशीनं स्वतः वाकून बघितलं. तिनंही आपला पिकाचा आकडा जुन्या जागी नेऊन ठेवला. किटली मी उचलली, मोडक्या खुर्चीसकट बाहेर टाकली. मोकळं झालं एकदाचं.

पाहुण्यांच्या आदल्या दिवसाचा आकडा आला तेव्हा मावशीनं मला वाचायला लावला. तिला बघवत नव्हतं.

"तीन," मी म्हटलं. "शंभरात तीन."

काका नुसते खुर्चीत मागे रेलले. मावशीनं बाटली उचलून पाणी प्यायलं आणि मला दिली.

गटाच्या प्रमुख एक बाई होत्या. नीटनेटके कपडे आणि खाली गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट. मागे पाच-सहा शेतकरी, पण बोलायच्या त्या एकट्याच. आल्या आल्या त्यांनी कोणाला नमस्कार करायच्या आधी एका कुंडीत बोट खुपसून माती बघितली. मला त्या आवडल्या.

त्या आत फिरत होत्या तेव्हा मावशी पडद्यासमोर होती, आलेख उघडून. दोन रेघा, एक तिची, एक टाकीची, वर्षभर एकीला एक चिकटून. आणि अगदी शेवटी एक कुबड, मग एक खड्डा, मग परत जुळलेल्या. मावशीचं बोट त्या कुबडावर होतं. एक बटण दाबलं की तेवढे दिवस आलेखातून गेले असते. यंत्र दुरुस्तीला होतं म्हणायचं, कोण विचारतंय.

काका तिच्या मागे उभे होते. "ठिणगे, तिला सांग," असं म्हणून थांबले. मग घसा साफ करून म्हणाले, "बाई, राहू द्या तो. उंट आपलाच आहे."

मावशीनं बोट काढलं.

प्रमुख बाईंनी आलेख बघितला आणि पहिलं बोट ठेवलं ते कुबडावरच. "हे काय?"

मावशीनं सांगितलं. सगळं. मोकळं करा, झाडं, अठरा वर, मग दोघांचा शहाणपणा, अठरा खाली, आणि कुंड्या. काका मध्येच "छत्तीस" म्हणाले. मागचा एक शेतकरी हसला, बाईंनी वळून बघितल्यावर गप्प झाला. बाई हसल्या नाहीत. मी मनात मावशीला त्या कचेरीत अहवाल तपासताना बघितलं, लाल पेन, मागे पंखा, एकही झाड नाही.

"म्हणजे," बाई म्हणाल्या, "कडेच्या झाडांना जास्त पाणी लागतं."

"हो."

"माझ्या काचघरात दाराजवळच्या दोन ओळी दुपारी माना टाकतात. मी तीन वर्षं बियाणं बदलतेय. बियाणेवाल्याशी भांडलेसुद्धा."

"दारातून वारा येतो?"

"भसाभसा." त्या परत आलेखाकडे वळल्या. "या कडेच्या ओळी तुमच्या गणितात आहेत?"

मावशी खोटं बोलू शकली असती. आहेत म्हणाली असती आणि नंतर बसवलं असतं. तिनं काकांकडे बघितलं, काकांनी मान हलवली नाही, वरही नाही, खालीही नाही.

"नाहीत," मावशी म्हणाली. "मधल्या पिकाचं गणित आहे. कडेचं अजून नाही."

"मग?"

"मग मोजावं लागेल. प्रत्येक घराची दारं वेगळी, पंखे वेगळे. ओळीत कुंड्या ठेवून तोलायच्या, सकाळ-संध्याकाळ. मग कडेसाठी वेगळा आकडा काढता येईल."

बाईंनी बूट जमिनीवर घासला, चिखलाचा एक पोपडा पडला. "मला सगळं बरोबर आहे म्हणणाऱ्यांचा कंटाळा आलाय," त्या म्हणाल्या. "एक हंगाम. मधल्या ओळींचे नळ तुमच्या गणितावर. कडेचे आम्ही हातानं सोडू, तोवर तुम्ही मोजा. हंगाम संपला की परत बघू." मागच्या लोकांकडे बघून त्यांनी विचारलं, "चालेल ना?" पण तो प्रश्न नव्हता.

म्हणजे पूर्ण होकार नाही. मावशीची बदली टळली तीही हंगामापुरती. पण मावशीच्या चेहऱ्यावरून वाटत होतं की कोणीतरी तिला पाय पसरायला जागा दिली.

"आणि ही तोलातोली कोण करणार?" बाईंनी विचारलं. "घरोघर फिरून? माझ्या माणसांना वेळ नाही, आधीच सांगते. आणि माझी माणसं जरा तोंडाळ आहेत. ऐकून घेणारं कोणी पाठवलंत तर टिकणार नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मावशीनं बघितलं. मग बाईंनी.

"माझ्याकडे काय बघताय?" मी म्हटलं.

"छे," काका म्हणाले, "आम्ही बाटलीकडे बघतोय."

बाटली टेबलावर होती. मी तिच्या अगदी मागे.

पुढच्या सकाळी मावशी आली ती सरळ काचघरात. काका कुंड्यांना पाणी घालत होते, मी कुंड्यांवर चिकटवायला चिठ्ठ्या कापत होते, मधली, कडेची, दाराची. मावशी काकांच्या शेजारी, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर उभी राहिली आणि मला म्हणाली, "त्यांना सांग, एक छोटा काटा लागेल. हिला सायकलवर नेता येईल असा."

काका झारी तशीच धरून म्हणाले, "तुझ्या मावशीला सांग, काटा मिळेल, पण ही ठिणगी वजन लिहिताना काट्याशीच भांडेल."

मी कात्री खाली ठेवली नाही. "तुमचं तुम्ही सांगा," मी म्हटलं. "मी कामात आहे."